हायड्रेंजियाची वाढ आणि बागेतील जागा

शिमला, दार्जिलिंग, उटी यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणी बंगल्यांच्या ओसरीपुढे निळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचे मोठाले गोल गेंद धारण करणारी झुडपे दिसतात. ही हायड्रेंजियाची झुडपे होत. मैदानी प्रदेशात हीच वनस्पती बहुधा कुंडीत, थंड व सावलीच्या जागी जोपासली जाते. कुंडीतील रोप जेमतेम अर्धा मीटर उंचीचे असते. मुळांना जागा अपुरी पडते आणि पुष्कळदा रोपवाटिकेत वाढ रोखणारी रसायनेही वापरलेली असतात. त्यामुळे ते ठेंगणे राहते. हा ठेंगणेपणा कायमचा समजून पुष्कळजण ते खिडकीखाली किंवा पायवाटेच्या कडेला जमिनीत लावतात. तीन-चार वर्षांत झुडूप खिडकी झाकून टाकते, वाट अडवते. मग त्यावर कात्री चालवली जाते आणि पुढील हंगामात एकही फूल येत नाही. म्हणून निरनिराळ्या जाती पूर्ण वाढीअंती किती मोठ्या होतात, हे लागवडीपूर्वीच जाणून घेणे इष्ट ठरते.

आपल्याकडे सर्वांत परिचित असलेली जाती म्हणजे हायड्रेंजिया मॅक्रोफायला. हिचे मूलस्थान जपान. ही साधारणपणे 1 ते 2 मीटर उंच होते आणि तिचा विस्तारही जवळजवळ तितकाच असतो. आम्लधर्मी मातीत मुळांना ॲल्युमिनियम सहज मिळते व फुले निळी होतात. अल्कधर्मी मातीत ती गुलाबी राहतात. पांढऱ्या प्रकारांवर मात्र मातीचा असा परिणाम होत नाही. जपान व कोरियाच्या डोंगराळ भागातील हायड्रेंजिया सेराटा ही हिची निकटची आप्त असून ती सुमारे 1 मीटरपर्यंत, क्वचित थोडी अधिक वाढते. लहान बागेस ती अधिक सोयीची होय.

अमेरिकेच्या पूर्व भागातील हायड्रेंजिया आर्बोरेसेन्स 1 ते 1.5 मीटर उंच होते. तिचा ‘ॲनाबेल’ हा पांढऱ्या फुलांचा प्रकार प्रसिद्ध आहे. त्याचे गेंद 25 ते 30 सेंटिमीटर रुंद होतात. पावसात भिजले की त्यांच्या भाराने फांद्या जमिनीकडे झुकतात. त्याच देशाच्या आग्नेय भागातील हायड्रेंजिया क्वर्सिफोलिया हिची पाने ओकच्या पानांसारखी खाचदार असून ती 2 मीटर किंवा त्याहून अधिक वाढते.

हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा ही जाती याहून बरीच मोठी असते. शंकूसारखे फुलोरे धारण करणारे हे झुडूप न छाटल्यास 3 ते 5 मीटर उंच होते व लहान वृक्षासारखे दिसू लागते. मात्र तिच्या ‘बोबो’सारख्या ठेंगण्या प्रकाराची उंची सुमारे 1 मीटरच असते. यावरून केवळ जातीचे नव्हे, तर प्रकाराचे नावही विचारून घेणे किती आवश्यक आहे, हे ध्यानात येईल.

हिमालयातही या प्रजातीच्या काही जाती नैसर्गिक अवस्थेत आढळतात. हायड्रेंजिया हेटेरोमाला ही मोठे झुडूप किंवा लहान वृक्ष या रूपात वाढते, तर हायड्रेंजिया ॲनोमाला ही वेल असून आपल्या हवाई मुळांच्या आधारे वृक्षांवर चढते. तिचा जपानी उपप्रकार पाश्चात्त्य देशांत भिंतींवर चढवतात. आरंभीची काही वर्षे तो मंद गतीने वाढतो. परंतु एकदा स्थिरावला म्हणजे 15 मीटरपर्यंत पोहोचू शकतो.

छाटणीने आकार आटोक्यात ठेवता येईल, ही अपेक्षा सर्वच जातींच्या बाबतीत खरी ठरत नाही. मॅक्रोफायला, सेराटा व क्वर्सिफोलिया यांची फुले मुख्यतः गतवर्षीच्या फांद्यांवर येतात. पुढील हंगामाच्या कळ्या थंडीपूर्वीच फांद्यांवर धरलेल्या असतात. हिवाळ्यात फांद्या कापल्या, तर कळ्याही त्यांच्याबरोबर जातात. या झुडपांची छाटणी करावयाची झाल्यास ती फुले ओसरताच करावी आणि तीही हलक्या हाताने. याउलट आर्बोरेसेन्स व पॅनिक्युलाटा यांना नव्या फुटीवर फुले येतात. म्हणून थंडी सरत असताना त्यांची खोल छाटणी केली तरी त्याच वर्षी बहर मिळतो.

सारांश, जागा अरुंद असेल तर ठेंगणा प्रकार निवडावा; मोठ्या प्रकाराला छाटून लहान करण्याचा खटाटोप करू नये. पूर्ण वाढलेल्या झुडपाच्या विस्ताराच्या निम्म्याहून थोडे अधिक अंतर भिंतीपासून सोडावे. आरंभी ही जागा रिकामी व ओकीबोकी वाटेल. तेथे हंगामी फुलझाडे लावता येतात. काही वर्षांत झुडूप स्वतःच ती जागा भरून काढते आणि कात्रीवाचून बहरते.