लिंटिंग : संगणकीय लेखनाची पूर्वतपासणी

भोर-वेल्ह्याच्या गावांतून आज सातबाऱ्याचा उतारा, परीक्षेचा निकाल आणि महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे मोबाइलच्या पडद्यावर होतात. तो पडदा नीट चालावा म्हणून त्यामागे कोणीतरी आज्ञावली, म्हणजे रूढ शब्दात कोड, लिहिलेला असतो. भाटघरच्या या परिसरात शिकलेली मुले आता असा कोड लिहू लागली आहेत. त्यांना उपयोगी पडेल आणि पालकांनाही समजेल अशा एका व्यवस्थेची ओळख या लेखात आम्ही करून देत आहोत. तिचे नाव लिंटिंग.

कपड्याला चिकटलेल्या सुट्या तंतूंना इंग्रजीत ‘लिंट’ म्हणतात. अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत स्टीफन जॉन्सन यांनी 1978 च्या सुमारास सी भाषेतील कोड तपासणारे साधन तयार केले आणि त्याला हेच नाव दिले. ते कोड चालवून पाहत नसे. नुसता वाचून त्यातील संशयास्पद जागा दाखवीत असे. छापखान्यातील मुद्रितशोधक पुस्तक बाजारात जाण्यापूर्वी ओळीन् ओळ वाचतो, तसेच हे काम आहे.

वेबपृष्ठांसाठी या तपासणीची गरज अधिक आहे. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा 1995 साली ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत घडवली. ती लवचीक आहे आणि चुकांकडे काणाडोळाही करते. एखाद्या नावात एक अक्षर चुकले, तर ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत ब्राउझर बहुधा काहीच बोलत नाही.

एक उदाहरण घेऊ. वसतिगृहाच्या प्रवेशाचा अर्ज पडद्यावर भरायचा आहे. त्यात ‘आई-वडील हयात नाहीत’ या चौकोनावर खूण केली, तरच पालनकर्त्याच्या माहितीचा भाग उघडतो आणि त्याच भागाच्या कोडमध्ये एका नावाचे स्पेलिंग चुकले आहे. अर्ज तयार करणारा तरुण स्वतःची माहिती घालून दहा वेळा तपासतो. दहाही वेळा अर्ज सुरळीत जातो. चूक उघडी पडते ती नातवाचा अर्ज भरणाऱ्या आजीच्या मोबाइलवर. बटण दाबले तरी पुढे काही होत नाही आणि का होत नाही हे पडद्यावर कोठेही दिसत नाही. कोडमधील ज्या वाटेने फारसे कोणी जात नाही, त्या वाटेने पुष्कळदा सर्वांत गरजू माणूस जात असतो. लिंटर मात्र रुळलेली वाट आणि आडवाट असा भेद करीत नाही. तो प्रत्येक ओळ सारख्याच बारकाईने वाचतो. लिंटिंगचे महत्त्व आम्हांस प्रामुख्याने येथे वाटते.

जावास्क्रिप्टसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांनी 2002 साली जेएसलिंट हे साधन प्रसिद्ध केले. त्यातील नियम बव्हंशी त्यांच्या स्वतःच्या पसंतीचे होते. पुढे 2013 साली निकोलस झाकास यांनी ईएसलिंट सुरू केले. त्यात प्रत्येक नियम स्वतंत्र आहे; तो चालू ठेवावा की बंद, हे प्रत्येक गटाने ठरवायचे. शिवाय बाहेरचे नियमसंच त्याला जोडता येतात. म्हणूनच व्ह्यू, रिअ‍ॅक्ट यांसारख्या फ्रेमवर्कमधील प्रकल्पांत ते सर्वत्र वापरात आले. फ्रेमवर्क म्हणजे पडद्यावरील भाग रचण्यासाठी आधीच उभा केलेला सांगाडा.

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. व्ह्यूचा नवा प्रकल्प अधिकृत आज्ञेने सुरू करताना ‘लिंटर हवा का?’ असा पर्याय समोर येतो. तो स्वीकारला की बहुतेक जोडणी आपोआप होते. प्रकल्प जुना असेल, तर एनपीएमच्या साहाय्याने ईएसलिंट आणि व्ह्यूचा नियमसंच विकासकालीन साधने म्हणून बसवावेत. त्यानंतर प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये ‘ईएसलिंट.कॉन्फिग.जेएस’ ही फाइल ठेवावी. 2024 साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून हीच पद्धत मूळ मानली जाते. त्यापूर्वीच्या लेखांत ‘ईएसलिंटआरसी’ या नावाच्या फाइली दिसतात. त्या पाहून नवशिक्याने गोंधळू नये. या फाइलीत तीन गोष्टी सांगायच्या: कोणत्या फाइली तपासायच्या, कोणते नियमसंच घ्यायचे आणि त्यांतील कोणते नियम आपण बदलणार.

प्रत्येक नियमाला तीन पायऱ्या असतात: बंद, इशारा आणि दोष. सुरुवातीला ईएसलिंटचा शिफारस केलेला संच आणि व्ह्यूचा ‘इसेन्शियल’ संच पुरेसा आहे. वरील अर्जातील चूक ‘नो-अनडेफ’ हा नियम क्षणात दाखवतो, कारण न घडवलेले नाव वापरणे हा त्याच्या लेखी दोष आहे. तुलना करायच्या जागी चुकून किंमत भरली गेली, तर ‘नो-कॉन्ड-असाइन’ हा नियम अडवतो. विद्यार्थ्यांची यादी दाखवताना प्रत्येक ओळीला स्वतंत्र ओळख-किल्ली दिली नाही, तर यादीचा क्रम बदलल्यावर एकाच्या रकान्यातील मजकूर दुसऱ्याच्या नावापुढे राहू शकतो. त्यावर व्ह्यूच्या संचात स्वतंत्र नियम आहे.

मराठी पृष्ठे घडवणाऱ्यांना आणखी काही नियम विशेष उपयोगी आहेत. आपल्याला ‘कि’ हे एक अक्षर दिसते. संगणकाच्या युनिकोड व्यवस्थेत ते ‘क’ आणि वेलांटी असे दोन संकेत असतात. नाव तपासण्यासाठी चालणाऱ्या अक्षरांची यादी करताना कोणी ‘कि’ लिहिले, तर संगणक ते दोन सुटे भाग समजतो आणि तपासणी फसते. ‘नो-मिसलीडिंग-कॅरॅक्टर-क्लास’ हा नियम अशी जागा दाखवतो. सुलभतेचा नियमसंच जोडला, तर वर्णनाविना ठेवलेले चित्र आणि नावाविना ठेवलेला रकाना निदर्शनास येतो. पडदा ऐकून वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला त्या वर्णनावाचून पुढे जाता येत नाही.

जुन्या प्रकल्पावर पहिल्यांदा लिंटर चालवला की शेकडो दोष पुढे येतात आणि माणूस बिचकतो. यावर सोपा उपाय आहे. मांडणीचा भाग, म्हणजे समास, अवतरणचिन्हे, ओळीची लांबी, हा प्रिटियर या साधनाकडे सोपवावा. जे दोष यंत्राला सुरक्षितपणे सुधारता येतात ते ‘फिक्स’ या पर्यायाने सुधारून घ्यावेत. उरलेल्यांपैकी गंभीर नियम दोषाच्या पायरीवर आणि बाकीचे इशाऱ्याच्या पायरीवर ठेवून आठवड्या-आठवड्याने संख्या खाली आणावी.

तपासणी तीन ठिकाणी बसवणे हिताचे. पहिली लिहिण्याच्या खिडकीत. तेथे चुकीच्या शब्दाखाली लगेच लाल रेघ उमटते. दुसरी कोड गिटमध्ये नोंदवण्याच्या क्षणी. त्यासाठी हस्की आणि लिंट-स्टेज्ड ही साधने आहेत. तिसरी सामाईक सर्व्हरवर. तेथे दोष असेल तर कोड मुख्य शाखेत जाऊच नये. भाटघर धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपल्या परिचयाचे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की ते उघडतात. त्या घटकेला तेथे कोण उभे आहे, यावर ते अवलंबून नसते. तिसरी तपासणीही तशीच असावी. पहिल्या दोन ठिकाणी कोणी घाईत डोळेझाक करू शकतो, येथे करता येऊ नये.

मराठी वाचकांच्या नित्य वापरातील एक उदाहरण येथे देतो. 1 मे 2003 रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकी या मुक्त आज्ञावलीवर चालतो. तिच्या पडद्यावरील नव्या भागांसाठी व्ह्यू वापरतात आणि जावास्क्रिप्टच्या तपासणीसाठी विकिमीडियाने ईएसलिंटचा स्वतःचा नियमसंच प्रसिद्ध केला आहे. जगातील कोणीही स्वयंसेवक तेथे सुधारणा पाठवू शकतो. ती पाठवताच यंत्र तिची तपासणी करते. पाठवणारा कोणत्या महाविद्यालयाचा, कोणत्या गावाचा, हे यंत्र विचारीत नाही. नियम सर्वांसमोर लिहिलेले आहेत आणि ते कोणालाही वाचता येतात.

खेड्यातून प्रथमच या व्यवसायात येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे. किरकोळ चुकांसाठी चारचौघांत बोलणी खावी लागली, की नवखा माणूस प्रश्न विचारणेच सोडून देतो. त्याच चुका लिंटरने एकांतात दाखवल्या, सोबत नियमाचे नाव आणि स्पष्टीकरणाचे पान दिले, तर तो स्वतः वाचून शिकतो. ज्येष्ठ सहकाऱ्याचा वेळही मग अर्जाची रचना योग्य आहे का, अशा मोठ्या प्रश्नांना मिळतो.

लिंटरच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा कोडमध्ये चुकीची लिहिली असेल, तर ते त्याला कळणार नाही. त्यासाठी चाचण्या आणि जाणकार माणूस हवाच. एखादा नियम एका ओळीपुरता बाजूला ठेवण्याची सोय आहे. ती वापरताना कारण शेजारी लिहावे.

जे विद्यार्थी पहिला प्रकल्प हाती घेत आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी लिंटर बसवावा, ही आमची विनंती आहे. फाइली थोड्या असताना हे काम तासाभरात होते. आणि आपण घडवलेला अर्ज ज्या आजीला भरायचा आहे, तिच्या वाट्याची ओळसुद्धा तिच्याआधी कोणीतरी वाचलेली असते.