मायलेकींच्या नात्यातील दुरावा आणि नात्याची पुनर्बांधणी : तीन पिढ्यांच्या संदर्भात एक आकलन

सारांश

मायलेकींमधील दुरावा सामान्यतः स्वभावदोषाचा परिणाम मानला जातो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांच्या संदर्भात या दुराव्याची सामाजिक कारणे तपासली असून, वारसाहक्काच्या प्रश्नाचे उदाहरण घेऊन नात्याच्या पुनर्बांधणीची दिशा स्पष्ट केली आहे.

बीजसंज्ञा : मायलेकी, पिढीअंतर, पितृसत्ता, हक्कसोडपत्र, पुनर्बांधणी.

प्रस्तावना

मराठी लोकमानसात माय आणि माहेर हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वावरतात. जात्यावरच्या ओव्यांपासून आधुनिक कवितेपर्यंत आईच्या मायेचा गौरव झालेला आढळतो. या गौरवामुळेच मायलेकींमधील ताणाविषयी बोलणे अवघड होते. आईविषयी तक्रार करणारी मुलगी कृतघ्न ठरते आणि मुलीशी न पटणारी आई निष्ठुर ठरते. परिणामी दोघीही गप्प राहतात व अबोला वर्षानुवर्षे टिकतो. हा ताण केवळ दोन व्यक्तींचा नसून दोन काळांचाही असतो, हे लक्षात घेतल्याशिवाय तो कमी होण्याचा मार्ग सापडत नाही.

तीन पिढ्या, तीन चौकटी

मुलीच्या विवाहाचे किमान वय 1929 च्या शारदा कायद्याने 14 वर्षे ठरविले, 1949 मध्ये ते 15 आणि 1978 मध्ये 18 वर्षे झाले. देशातील स्त्री-साक्षरतेचे प्रमाण 1951 च्या जनगणनेत 8.86 टक्के होते, ते 2001 मध्ये 53.67 टक्क्यांवर पोहोचले. हिंदू उत्तराधिकार कायद्याने 1956 मध्ये मुलीला वडिलांच्या स्वतंत्र मालमत्तेत वारसा दिला. महाराष्ट्राने 1994 मध्ये, तोपर्यंत अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला आणि 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला.

या वर्षांचा अर्थ एका घरात पाहिला तर स्पष्ट होतो. 1950 च्या दशकात पंधराव्या वर्षी बोहल्यावर चढलेली आजी, 1980 च्या दशकात दहावीनंतर विवाह झालेली आई आणि आज पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी एकाच छपराखाली राहत असल्या, तरी त्यांच्या आयुष्याचे नियम वेगळे आहेत. ‘आम्ही सोसलं, तुला काय झालं?’ हा आईचा प्रश्न आणि ‘तू तेव्हा का बोलली नाहीस?’ हा मुलीचा प्रश्न या वेगळेपणातून निर्माण होतो. दोघीही दुसरीचे आयुष्य स्वतःच्या काळाच्या मापाने मोजतात.

आई : नियमांची वाहक

समाजशास्त्रज्ञ डेनिझ कांडियोटी यांनी 1988 मध्ये ‘पितृसत्तेशी तडजोड’ ही संकल्पना मांडली. तरुणपणी आज्ञाधारकपणा स्वीकारायचा आणि उतारवयात त्याबदल्यात घरात सुरक्षितता व अधिकार मिळवायचा, असा हा अलिखित व्यवहार होय. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनीही त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या लेखनात, मुलीला माहेरच्या तात्पुरत्या वास्तव्याची जाणीव लहानपणापासून कशी करून दिली जाते, याचे विश्लेषण केले. ‘मुलगी म्हणजे परक्याचे धन’ ही म्हण याच जाणिवेची वाहक आहे.

हे शिकविण्याचे काम बहुतेक वेळा आईकडे येते. उशिरा घरी येण्यावरून रागावणे, स्वयंपाकाचा आग्रह धरणे, ‘लोक काय म्हणतील’ असे बजावणे ही कामे तीच करते. नियम कुटुंबाचा व समाजाचा असतो, पण तो मुलीला आईच्या आवाजात ऐकू येतो. म्हणून मुलीचा राग नियमापेक्षा आईवर अधिक निघतो.

हक्कसोडपत्र : एक उदाहरण

हा ताण वारसाहक्काच्या प्रसंगी सर्वांत ठळकपणे दिसतो. वडिलांच्या निधनानंतर बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करून आपला वाटा भावांच्या नावे सोडावा, अशी अपेक्षा अनेक कुटुंबांत असते. ‘सही केलीस तर माहेर राहील’ हे सांगण्याची जबाबदारी पुष्कळदा आईवर पडते. मुलीला यात उघड पक्षपात दिसतो. कायद्याने दिलेला हक्क आईनेच काढून घेतला, ही भावना खोलवर रुजते.

आईची बाजू मात्र क्वचितच ऐकली जाते. पतीच्या मालमत्तेत तीही वारस असते, तथापि उरलेले आयुष्य मुलाच्या घरी काढायचे आहे, ही भीती तिच्या मनात असते. अनेकदा तिनेही आपल्या भावांसाठी अशीच सही केलेली असते. मुलीचा नकार तिला स्वतःच्या त्यागाचा अवमान वाटतो. वस्तुतः ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या 2007 च्या कायद्याने मुलीवरही आईवडिलांच्या पालनाची जबाबदारी टाकली आहे. हक्क आणि जबाबदारी या दोन्ही बाबतींत कायदा मुलीला मुलाच्या बरोबरीने मानतो, पण कुटुंबातील बोलण्यात हा बदल अद्याप पुरेसा उतरलेला नाही.

पुनर्बांधणीची दिशा

कर्ट ल्युशर व कार्ल पिलेमर यांनी 1998 मध्ये दाखवून दिले की, पालक व प्रौढ अपत्ये यांच्या नात्यात माया आणि रोष एकाच वेळी नांदतात. ही द्विधा अवस्था अपवादात्मक नाही. पिलेमर यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, तुटलेली नाती पुन्हा जोडणाऱ्या अनेकांनी भूतकाळाविषयी आपलेच म्हणणे समोरच्याने मान्य करावे हा आग्रह सोडल्याचे आढळले. हा निष्कर्ष परदेशातील असला तरी येथील कुटुंबांनाही विचार करण्यासारखा आहे.

त्यादृष्टीने पुढील बाबी उपयुक्त ठरतात.

1) जीवनकथन ऐकणे : ‘तू असे का केलेस?’ या प्रश्नाऐवजी ‘तेव्हा तुझ्यापुढे कोणते मार्ग होते?’ असे विचारल्यास आईला समर्थन करीत बसावे लागत नाही. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (2003) हे आत्मकथन या संदर्भात उल्लेखनीय आहे. टोपल्या विणणाऱ्या आईचे श्रम आणि आपले लेखन यांतील आंतरिक नाते लेखिकेने शीर्षकापासूनच सूचित केले आहे.

2) दुखावल्याची कबुली : आईनेही मुलीची वेदना खरी मानणे आवश्यक आहे. ‘तुझ्या भल्यासाठीच’ या वाक्याने संवाद संपतो, ‘तुला तेव्हा वाईट वाटले असेल’ या वाक्याने तो सुरू होतो.

3) व्यवहार आणि माया वेगळी ठेवणे : वाटणी, औषधोपचार व देखभाल यांवर भावंडांनी आईसमक्ष स्पष्ट बोलावे. आईला निरोप्या करू नये आणि मुलीच्या सहीला प्रेमाची परीक्षा ठरवू नये.

4) मर्यादा ओळखणे : जेथे मारहाण, छळ वा सततचा अपमान आहे, तेथे मुलीने अंतर राखणे योग्यच होय. समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे.

समारोप

मायलेकींमधील दुराव्याला व्यक्तींबरोबरच बदलत्या काळाचे नियमही कारणीभूत असतात. आईला त्या नियमांपासून वेगळे करून पाहता आले की मुलीचा राग योग्य ठिकाणी वळतो, आणि मुलीचा नकार हा आपला अपमान नाही हे उमगले की आईची भीती कमी होते. महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुली या साखळीतील तिसरी पिढी आहेत. समाजशास्त्र व मराठी विभागांनी आई आणि आजीच्या जीवनकथनांची नोंद हा प्रकल्पाचा विषय म्हणून दिल्यास अभ्याससाहित्य जमा होईलच, शिवाय काही घरांत वर्षानुवर्षे टाळलेला संवादही त्या निमित्ताने सुरू होऊ शकेल.