त्या डावाची कॅप्टन मी!

संभाजीनगरातल्या ज्योतीनगरात, आमच्या घरी रविवारी ब्रिज रंगतं. परवा ह्यांनी ‘वन नो ट्रम्प’ बोली दिली. माझ्या हाती सहाच गुण, मी पास म्हटलं. ह्यांचा चेहरा उतरला. भाऊजी म्हणाले, “वहिनी, जोडीदाराचं ऐकावं!”

अहो, ऐकलं म्हणूनच तर थांबले. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. या हिशेबात आमची ती बोली १५ ते १७ गुण सांगते. सतरा धरले तरी बेरीज २३, आणि गेमला साधारण २५ लागतात. ह्यांनी आपला हात सांगून टाकला, माझा ह्यांना कुठं ठाऊक? बेरीज मला कळते, म्हणून शेवटचा शब्द माझा. (इथं वय, पगार बघत नाहीत!)

पुढच्या डावात तीच बोली मी दिली. ह्यांनी पत्ते दोनदा मोजले. “थ्री नो ट्रम्प.”

मी मुकाट्यानं पास म्हटलं.