कतरिनाला बळ कुठून मिळालं?

समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं, की वादळाच्या इंधनाची सोय झाली. पाण्याची वाफ वर चढते, तिचे ढग होतात आणि होताना उष्णता हवेत सुटते. तापलेली हवा आणखी वर जाते, खाली दाब घटतो, भोवतालचा वारा आत धावतो. पण नुसता वरचा थर तापून भागत नाही. वादळ समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाचा जोर ओसरतो.

मेक्सिकोच्या आखातात ऑगस्ट २००५मध्ये हा लगाम सैल पडला. कॅरिबियन समुद्रातून येणाऱ्या ‘लूप करंट’चं उबदार पाणी तिथे खोलवर होतं. कतरिना चक्रीवादळ त्यावरून गेलं आणि २८ तारखेला वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटरवर पोचला. दुसऱ्या दिवशी किनारा गाठताना वारा बराच मंदावला होता. वाऱ्याने ढकलत आणलेलं पाणी मात्र तसंच होतं. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर ते काही ठिकाणी २५ फुटांहून उंच चढलं. बातम्या वाऱ्याचा वेग सांगतात, जीव बहुधा पाणी घेतं. न्यू ऑर्लिन्समध्ये पूरभिंती फुटून सुमारे ८० टक्के शहर बुडालं. पोटमाळ्यावर अडकलेल्या काहींनी कुऱ्हाडीने छप्पर फोडून वाट काढली. वादळाने एकूण तेराशेहून अधिक बळी घेतले. शहरातलं पाणी उपसायला सहा आठवडे लागले.