दिंडीचा ट्रक, आपलं फिरतं घर

आषाढी वारीत आपण चालत असतो, आणि आपले कपडे, शिधा, भांडी, गॅस घेऊन दिंडीचा ट्रक पुढच्या मुक्कामी जातो. पंढरपूर येईपर्यंत तो ट्रक हेच आपलं घर. मग घरासारखी त्याचीही राखण हवी.

चोर आधी बघतो, गाडीपाशी कोणी आहे का. म्हणून आंघोळीला, कीर्तनाला सगळ्यांनी एकदम जाऊ नका. दोघी-दोघींच्या पाळ्या लावा. ड्रायव्हरदादांना सांगून गाडी उजेडात लावून घ्या. मागचा फाळका भिंतीलगत असला, की तो खाली पडतच नाही. ताडपत्रीची दोरी रोज घट्ट बांधा. किल्ली गाडीत राहू देऊ नका. दागिने गावीच ठेवा. पैसे पिशवीत नकोत, अंगावर ठेवा.

तरीही चोरी झालीच, तर कशालाही हात न लावता ११२ नंबरला फोन करा. वारीत मुक्काम रोज बदलतो, पण ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. ‘एफआयआर’ची प्रत तक्रार देणारीला फुकट मिळते. ती मागून घ्या, संकोच करू नका.

सांभाळून चला. राम कृष्ण हरी!