विश्लेषण : टँकरवरचे ‘इनफ्लेमेबल’, रिपोर्टमधले ‘अनरिमार्केबल’… इंग्रजीतले ‘नाही’ कुठे फसवते?

महामार्गावर पुढे चाललेल्या टँकरच्या मागे ‘हायली इनफ्लेमेबल’ असे लिहिलेले असते. ‘इनकरेक्ट’ म्हणजे बरोबर नसलेले, ‘इनव्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे. मग ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे, असा अर्थ कोणी लावला तर? खरा अर्थ नेमका उलटा आहे : अत्यंत ज्वलनशील. नकारार्थी उपसर्ग आपण शाळेत विरुद्धार्थी शब्दांसाठी पाठ करतो. पण तपासणी अहवाल, पोलीस ठाणे किंवा कंपनीचा ताळेबंद यांत हेच उपसर्ग चुकीचे वाचले गेले, तर नुकसान गुणांपुरते राहत नाही.

‘इनफ्लेमेबल’मधला ‘इन’ नकारार्थी का नाही?

इंग्रजीत लॅटिनमधून दोन ‘इन’ आले. एक ‘नाही’ या अर्थाचा, दुसरा ‘आत, मध्ये’ या अर्थाचा. ‘इनफ्लेमेबल’मध्ये दुसरा आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पेटवणे. शरीरातील दाहाला ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तेही याच कुळातले. हा गोंधळ जीवघेणा ठरू शकतो हे ओळखून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920 च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. म्हणजे ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ यांचा अर्थ एकच. न पेटणाऱ्या पदार्थासाठी शब्द आहे ‘नॉन-फ्लेमेबल’. टँकरवर ज्योतीचे चित्र असलेले, शंकरपाळ्याच्या आकाराचे लाल चिन्ह दिसले, तर शब्दाचा विचार न करता अंतर राखावे.

‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे किंमत नसलेले का?

इथे ‘इन’ नकारार्थीच आहे, तरीही अर्थ ‘अत्यंत मोलाचे’ असा होतो. मराठी वाचकाला हे अवघड जाऊ नये, कारण आपला ‘अमूल्य’ अगदी तसाच घडला आहे. ज्याचे मोल करता येत नाही, ते अमूल्य. कवडीमोल वस्तूसाठी इंग्रजीत ‘वर्थलेस’ किंवा ‘व्हॅल्यूलेस’ हे शब्द आहेत. ‘इन्फेमस’चेही असेच. तो माणूस अप्रसिद्ध नसतो, कुप्रसिद्ध असतो. एखाद्याच्या सत्काराच्या फलकावर हा शब्द छापला, तर गौरवाची बदनामी होते.

‘अन’ आणि ‘डिस’मध्ये फरक काय?

‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला, तर ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा त्या प्रकरणात स्वार्थ गुंतलेला नाही असा, म्हणजे त्रयस्थ. आज अनेक इंग्रजी भाषक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, पण न्यायालयीन भाषेत भेद महत्त्वाचा आहे. ‘डिसइंटरेस्टेड’ साक्षीदार हवाच असतो, कंटाळलेला नको असतो.

‘अनक्वालिफाइड’ हा शब्द तर दुहेरी आहे. उमेदवाराबद्दल असेल तर पात्रता नसलेला. पात्रता असूनही नियमामुळे बाद झालेला तो ‘डिसक्वालिफाइड’. मात्र ‘अनक्वालिफाइड अपॉलॉजी’ म्हणजे बिनशर्त माफी. कंपनीच्या वार्षिक अहवालात लेखापरीक्षकाने ‘अनक्वालिफाइड ओपिनियन’ दिले असेल, तर हिशेबावर त्याचा आक्षेप नाही. गुंतवणूकदाराने सावध व्हायचे ते ‘क्वालिफाइड ओपिनियन’ दिसल्यावर, कारण तिथे लेखापरीक्षकाने काही बाबींवर हातचे राखून मत दिलेले असते.

मोबाइलवरही हा फरक रोज भेटतो. ॲप ‘अनइन्स्टॉल’ केले की फोनमधून काढले जाते. ‘डिसेबल’ केले की बंद पडते, पण फोनमध्येच राहते आणि पुन्हा सुरू करता येते.

वैद्यकीय अहवालात काय पाहावे?

सोनोग्राफीच्या अहवालात एखाद्या अवयवापुढे ‘अनरिमार्केबल’ लिहिलेले पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. अर्थ इतकाच की तिथे नोंद घेण्यासारखे वेगळे काही दिसले नाही. रक्ततपासणीत ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ म्हणजे ज्यासाठी चाचणी केली, ती गोष्ट चाचणीत आढळली नाही.

पण ‘नॉन-डायग्नॉस्टिक’ शब्दाला दिलासा समजू नये. आजार नाही, असे तो सांगत नाही. घेतलेल्या नमुन्यावरून निदान करता आले नाही, एवढेच सांगतो. अशा वेळी चाचणी पुन्हा करावी लागू शकते, म्हणून अहवाल कपाटात ठेवून न देता डॉक्टरांना दाखवावा.

कायद्यातला ‘नॉन’ किती ‘नाही’ असतो?

‘नॉन-बेलेबल’ म्हणजे अजामीनपात्र. त्याचा अर्थ ‘जामीन कधीच नाही’ असा घेतला जातो, तो चूक. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्काने मागता येत नाही, न्यायालय परिस्थिती पाहून ठरवते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्ये अशा जामिनाची तरतूद आहे.

पोलीस ठाण्यात ‘एनसी’ म्हणून ओळखली जाणारी नोंद ही ‘नॉन-कॉग्निझेबल’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची. इथे ‘दखलच घेतली जात नाही’ असे नाही. तक्रारीची नोंद होते, मात्र दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि सहसा वॉरंटशिवाय अटकही नाही. संहितेच्या कलम 174 नुसार तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगितले जाते. ‘एनसी झाली, म्हणजे विषय संपला’ असे समजून घरी बसणारा माणूस हाच मार्ग गमावतो.

मग अर्थ लावायचा कसा?

• उपसर्ग बाजूला काढून अंदाज बांधू नये. पूर्ण शब्द मोबाइलवरील शब्दकोशात पाहावा.
• ‘नाही’ नेमके कशाला म्हटले आहे, हे विचारावे. आजाराला की निदानाला? जामिनाला की त्याच्या हक्काला?
• एकच शब्द क्षेत्रानुसार बदलतो. ‘अनक्वालिफाइड’ नोकरीच्या अर्जात दोष ठरतो आणि लेखापरीक्षणात शाबासकी.
• सही करण्याच्या कागदावर असा शब्द असेल, तर त्याचा अर्थ मराठीत समजावून मागावा. ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणजे पैसे परत मिळणार नाहीत, हे सहीनंतर कळून उपयोग नसतो.