फुकट वीज आणि आपली मोटार

वीज फुकट मिळू लागली, आता ती जपून वापरण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील पुष्कळ बागाइतदार बंधू आम्हांस विचारितात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज देऊ केली आहे, हे खरे. परंतु बिल शून्य झाले म्हणून नुकसान शून्य झाले असे नव्हे, हे आम्ही स्वानुभवाने शिकलो आहो.

चिखली तालुक्यातील आमच्या विहिरीवर तीन अश्वशक्तीचे काम असता शेजाऱ्याचे पाहून आम्ही पाचाची मोटार बसविली. ती दोनदा जळाली व दोनदा भरून आणिली. वीज येताच ऑटोस्विचमुळे साऱ्या मोटारी एकदम सुरू होत, दाब घसरे. अखेर हरभऱ्याचे घाटे भरण्याच्या ऐन वेळी डी.पी. जळाली आणि पीक उभे वाळले. आमचे दोन अधिक अश्व सर्वांस भोवले, हे कबूल केले पाहिजे.

सरकारनेही या प्रश्नाचा विचार केला आहे. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला व २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. या ब्यूरोने सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या २,२०९ कृषिपंपांची योजना २००९ साली आखली. जुने पंप काढून तारांकित पंप बसवावे, म्हणजे तेवढेच पाणी कमी विजेत मिळेल, हे तिचे सूत्र होय.

ही योजना आपल्या बांधावर येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. विहिरीची खोली व पाणी पाहूनच अश्वशक्ती ठरवावी. प्रत्येक मोटारीस कपॅसिटर लावावा. त्याने तारेतील प्रवाह कमी होऊन दाब सुधारतो. दोन इंचीऐवजी अडीच इंची पाइप घातल्यास तेवढ्याच पाण्यास होणारे घर्षण सुमारे एकतृतीयांशावर येते. फूटव्हॉल्व्ह मोकळ्या जाळीचा असावा, अनावश्यक बेंड काढावे आणि वारंवार भरलेली मोटार अधिक वीज खाते हे ध्यानी ठेवावे.

ऑटोस्विच मात्र एकट्याने काढून भागत नाही. म्हणून एका डी.पी.वरील सर्व खातेदारांनी रब्बीच्या पेरणीपूर्वी एकत्र बसून मोटारी पाळीपाळीने सुरू करण्याचे ठरवावे. विजेचे बिल सरकार भरील. वाळलेला हरभरा कोणी भरून देणार नाही.